परमुलखातला

त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर आमच्याकडच्या खुन्याचा धंदा रोज संध्याकाळी बदलत असे. सोमवारी तो खाटीक असायचा, मंगळवारी डॉक्टर, बुधवारी बोटीवरचा खलाशी. गुरुवारी सांगण्यासारखं काही नसलं की तो वेडा व्हायचा, कारण वेड्याला पुरावा लागत नाही. ही सगळी माहिती आम्हाला ‘इव्हनिंग ट्रम्पेट’ हा पेपर पुरवत असे. लंडनच्या आमच्या व्हाइटचॅपल वस्तीत बायका मारल्या जात होत्या हे खरं होतं आणि भीतीही खरी होती. मीसुद्धा अंगणातल्या नळावर जाताना शेजारणीला हाक मारून जायची. खुनी कोण हे पोलिसांना माहीत नव्हतं, देवाला माहीत असावं, आणि ट्रम्पेटला देवाच्याही आधी कळत असे.

मी डॉर्कस हॉगबेन. माझा नवरा गोदीत हमाली करतो आणि मी घरी बसून विजारींना काजं करते. आमच्याबरोबर माझ्या सासूबाई असतात, थर्झा हॉगबेन. त्या मेंढीचे पाये उकडतात आणि टोपलीत घालून पबच्या दाराशी विकतात. माहेर केंटचं, तेही पार आडगावातलं. इतकी वर्षं लंडनात काढली तरी जिभेवरची केंटची माती गेलेली नाही. एकदा बोलल्या की ब्रह्मदेव आला तरी शब्द मागे घ्यायच्या नाहीत.

आमच्या डोक्यावर लेझर फिंकल राहायचा. पोलंडहून आलेला ज्यू, टोप्या शिवणारा. बायको ब्रायना, तीन पोरं. सासूबाईंचं आणि त्याचं रोज वाजायचं, कारण जिना धुवायची पाळी आली की लेझरची कंबर धरायची. पण शनिवारी त्यांच्या धर्मात विस्तव पेटवत नाहीत, म्हणून दर शनिवारी सकाळी सासूबाईच वर जाऊन त्यांची चूल पेटवून द्यायच्या आणि तळलेला मासा खाऊन ओठ पुसत खाली यायच्या. पोरांना खोकला झाला तर छातीला चोळायला हंसाची चरबी घेऊन त्याच धावायच्या. भांडणात आणि चरबीत त्यांनी कधी खंड पडू दिला नाही.

त्या सकाळी उजाडता उजाडता त्या पाये आणायला निघाल्या होत्या. पलीकडच्या गल्लीच्या बोळातून एक माणूस बाहेर आला, त्यांच्याजवळून गेला. थोड्या वेळानं त्याच बोळात सेलिना मॉक्सी सापडली. सेलिना आमच्या ओळखीची होती, गाणं म्हणत चालायची, पिऊन असली तर जरा जास्तच. तिच्याबद्दल यापुढं मी काही लिहिणार नाही. ट्रम्पेटनं जे जे लिहिलं ते कुठल्याही बाईबद्दल लिहू नये.

पोलिसांनी सासूबाईंना दोन प्रश्न विचारले आणि कागदावर अंगठा घेतला. दुपारी ट्रम्पेटचा बातमीदार आला, लॅशब्रुक नावाचा, गुळगुळीत तोंडाचा तरुण माणूस. त्यानं पेन्सिल ओली करत विचारलं, “माणूस कसा होता?” सासूबाई म्हणाल्या, “कसा म्हणजे? परमुलखातला होता.”

संध्याकाळी कोपऱ्यावर पेपरवाला बोंबलत होता, “खुनी परमुलखातला! पाहणारी बाई सापडली!”

दुसऱ्या संध्याकाळी त्या माणसाला काळी दाढी आली. सासूबाईंनी दाढी पाहिलीच नव्हती, ती ट्रम्पेटच्या कचेरीत उगवली. तिसऱ्या संध्याकाळी त्याच्या हातात लांब सुरी आली आणि चौथ्या संध्याकाळी तो ‘पूर्वेकडच्या देशांतून आलेला, ख्रिस्ती नसलेला’ झाला. आता काळी दाढी, कापड कापायची लांब सुरी आणि पोलंड या तिन्ही गोष्टी आमच्या जिन्यावर एकाच माणसापाशी होत्या. लोकांनी फिंकलांच्या खिडक्या फोडल्या. पोलीस आले आणि म्हणाले, याच्याच भल्यासाठी याला चौकीत नेतो. भल्यासाठी नेलेला माणूस त्यांनी मग सोडलाच नाही.

लेझर सांगत राहिला की त्या वेळी मी सकाळच्या प्रार्थनेला होतो. बरोबरच्या सगळ्यांनी तशी साक्ष दिली. ट्रम्पेटनं त्यावर छापलं की ही माणसं एकमेकांना कधीच उघडं पाडत नाहीत. म्हणजे साक्षीदार नसते तर तो खुनी, आणि आहेत म्हणून सगळेच त्यात सामील. गुरुवारी कॉरोनरची, म्हणजे संशयास्पद मृत्यूंचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्याची, चौकशी पुढं सुरू व्हायची होती. तिथं ज्युरीनं लेझरचं नाव घेतलं की त्याच्यावर खुनाचा खटला चालणार आणि आमच्या रस्त्याची त्या दिवसांतली तऱ्हा पाहता तो फासावर जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

ब्रायनाला आमची भाषा फार येत नसे. ती खाली आली, दारात उभी राहिली. “लेझर येतो?” तिनं विचारलं.

“येईल नाही तर जाईल कुठं,” सासूबाई म्हणाल्या. “पोलिसांचं डोकं फिरलंय. बिचाऱ्यानं टोप्यांचं कापड चोरलं म्हणतात की काय?”

ब्रायना वर गेल्यावर मी त्यांच्यावर भडकले. “आई, काही लाज? तुमच्याच शब्दावर त्याला धरलाय आणि वर तुम्हीच विचारताय?”

“माझ्या शब्दावर? मी लेझरचं नाव कधी घेतलं?”

“परमुलखातला म्हणालात ना?”

“म्हणाले. होताच तो परमुलखातला. मरेपर्यंत म्हणेन. त्याचा लेझरशी काय संबंध?”

मला वाटलं, म्हातारी पेपरात नाव आल्यामुळं हवेत आहे आणि आता सारवासारव करतेय. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. चहाचा पेला पुढं ढकलायचा आणि तोंड फिरवायचं, असं चाललं होतं.

बुधवारी दुपारी दारावर टकटक झाली. सासूबाईंनी दार किलकिलं करून पाहिलं आणि धाडकन लावून घेतलं. “मेला तो परमुलखातला परत आलाय,” त्या म्हणाल्या.

मी विचारलं, “कोण? खुनी?”

“खुनी कशाला येईल दार वाजवून? तो पेपरवाला.”

“आई, तो लॅशब्रुक इंग्रज आहे. नदीपलीकडच्या क्लॅपहॅमचा आहे.”

“मग क्लॅपहॅम आपल्या मुलखात कधीपासून आलं?”

सुई माझ्या बोटात घुसली तरी कळलं नाही. मी हळूच विचारलं, “आणि लेझर? तो परमुलखातला नाही?”

“तुझं डोकं फिरलं का गं? लेझर आपल्या जिन्यातला आहे.”

मग मला उलगडलं. त्यांच्या गावात ओढ्यापलीकडून आलेल्या जावयालाही मरेपर्यंत परमुलखातला म्हणतात. लंडनच्या बायका बिअरमध्ये घालायच्या हॉपची बोंडं खुडायला केंटला जातात तेव्हा तिथली पोरं त्यांनाही ‘आले परमुलखातले’ म्हणून चिडवतात. सासूबाईंना देश, धर्म, दाढी यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं. रस्त्यावरचा ओळखीचा माणूस आपला आणि बाकी सगळं जग परमुलूख, इतका सरळ त्यांचा भूगोल होता. तो शब्द क्लॅपहॅमच्या माणसाच्या पेन्सिलीत शिरला आणि समुद्र ओलांडून थेट पोलंडला पोचला.

“बरं, पण त्या बोळातल्या माणसाला परमुलखातला म्हणालात ते कशावरून?”

“त्यानं रस्ता विचारला म्हणून. हमरस्ता कुठल्या बाजूला म्हणे. अगं, नाकासमोर दिसत होता. आणि मला मॅडम म्हणाला. पाये विकणारीला मॅडम म्हणणारा इथला असेल का?”

“हे पेपरवाल्याला सांगितलं होतं?”

“सगळं सांगितलं. तेवढ्यापुरती त्यानं पेन्सिल खिशात ठेवली होती.”

मी त्यांचा हात धरून चौकीत नेलं. तिथला हवालदार म्हणाला, “बाईंचा जबाब झालाय, अंगठा झालाय. आता काय ते उद्या कॉरोनरपुढं.” मी म्हटलं, “कॉरोनरनं विचारलंच नाही तर?” तो म्हणाला, “विचारलं तेवढंच सांगायचं असतं, पोरी. ते काही बाजारातलं भांडण नाही.”

हीच तर भीती होती. कॉरोनर कागद पाहून विचारणार, परमुलखातला होता का? या छाती काढून हो म्हणणार आणि खाली उतरणार. सासूबाईंना कितीही पढवलं तरी उपयोग नव्हता, कारण त्यांच्या मते त्यांचं काही चुकलेलंच नव्हतं. तरी मी म्हणून पाहिलं, “आई, उद्या नुसतं ‘परका’ म्हणा ना, ‘बाहेरचा’ म्हणा.” त्या म्हणाल्या, “सांगितला तोच शब्द सांगेन. शपथेवर जीभ बदलणारी मी नव्हे.”

कॉरोनरखेरीज त्या खोलीत प्रश्न विचारायचा हक्क फक्त ज्युरीला असतो. आणि ज्युरीचा म्होरक्या होता आमचाच मिस्टर टॅपस्कॉट, कोपऱ्यावरचा ईल माशांच्या पाईचा दुकानदार. माणूस वाईट नव्हता, पण ट्रम्पेट त्याला बायबलच्या जागी. फिंकलचं नाव काढलं असतं तर त्यानं मला झाडूनं बाहेर काढलं असतं. म्हणून मी भांडं घेऊन ईल आणायला गेले.

“फिंकलची वकिली करायला आली असशील तर चालू लाग,” तो आधीच म्हणाला. “ज्युरीवाल्याशी बोलायचं नसतं.”

“छे हो, मी कशाला? मला ईल हवेत. अर्धं भांडं.” मी जरा सुस्कारा टाकला. “सासूबाईंमुळं मान खाली जाते हो. काय वाट्टेल ते बोलतात. काल म्हणाल्या, टॅपस्कॉटसुद्धा परमुलखातलाच.”

पळी हवेत थांबली. “मी?”

“तुम्ही मूळचे डेव्हनचे ना.”

“अर्धा जन्म गेला माझा या रस्त्यावर. माझ्या पोरांचे बाप्तिस्मे इथल्या चर्चात झाले.”

“मी तेच म्हटलं. तर म्हणाल्या, डेव्हन ते डेव्हन, परमुलूख तो परमुलूख. जाऊ द्या, म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर घ्यायचं. रस्सा जरा जास्त घाला.”

काडी टाकून मी घरी आले. आता ती पेटते की विझते हे पाहायचं होतं.

चौकशी पबच्या माडीवरच्या दिवाणखान्यात होती. खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. पेपरवाल्यांच्या टेबलाशी लॅशब्रुक पेन्सिली टोकदार करून बसला होता. दोन शिपायांच्या मधे लेझर. इतक्या दिवसांत त्याचं तोंड बोटभर झालं होतं. ब्रायना माझ्याशेजारी बसली, तिनं माझा हात असा धरला होता की काजं करणारी बोटं दुखायला लागली.

सासूबाईंनी शपथ घेतली. कॉरोनर हॅम्पस्टेडकडचे, चष्मा लावलेले, थकलेले गृहस्थ होते. त्यांनी कागद पाहिला. “तुम्ही पाहिलेला माणूस परमुलखातला होता?”

“होय साहेब.”

“खात्री आहे?”

“बायबलवर हात आहे साहेब माझा.”

खोलीत गुरगुर उठली. लॅशब्रुकची पेन्सिल पळायला लागली. “ठीक आहे, उतरा खाली,” कॉरोनर म्हणाले, आणि सासूबाई घागरा सावरून निघाल्यासुद्धा. मी टॅपस्कॉटकडं पाहिलं. तो लाल झाला होता. कानापासून मानेपर्यंत लाल. आणि तो उठला.

“साहेब, ज्युरीला या बाईंना एक प्रश्न विचारायचा आहे.”

“विचारा.”

“मिसेस हॉगबेन, मी परमुलखातला आहे का?”

“होय, मिस्टर टॅपस्कॉट,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “त्यात तुमचा काही दोष नाही. ईल चांगले असतात तुमचे.”

माडी हसण्यानं हादरली. कॉरोनरनी हातोडा आपटला. पण माणूस हुशार निघाला. त्यांनी चष्मा काढला, सासूबाईंकडं नीट पाहिलं आणि विचारलं, “बाई, आणि मी?”

“तुम्ही राहता कुठं साहेब?”

“हॅम्पस्टेडला.”

“मग त्यात विचारायचं काय?”

या वेळी हातोडा आपटायला कॉरोनरना जरा उशीर झाला. “मग या खोलीत परमुलखातला नाही असा कोण आहे, ते दाखवा.”

सासूबाईंनी खोलीभर नजर फिरवली. “माझी सून, ती बघा. तो खिडकीपाशी कोळसेवाला नेड. ती ब्रायना. आणि शिपायांच्या मधे बसलाय तो, लेझर.”

हसणं एकदम थांबलं.

“फिंकल पोलंडचा आहे, बाई.”

“असेल. जन्माला कुठं तरी यावंच लागतं साहेब. पण आमच्या जिन्यातला आहे तो. पाळी आली की जिना धुवायला टाळतो, टोप्या शिवताना मध्यरात्रीपर्यंत खडखड करतो, पण आमचा आहे. त्याला पाहिलं असतं तर मी म्हटलं असतं, लेझरला पाहिलं. परमुलखातला कशाला म्हणेन?”

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलंही नाही. कॉरोनर पुढं झुकले. त्यांनी विचारलं, मग त्या माणसाला परमुलखातला कशावरून म्हणालात? आणि सासूबाईंनी सांगितलं. हमरस्ता कुठं म्हणून विचारलं, मॅडम म्हणाला, सगळं. शेवटी त्यांनी त्या माणसाची नक्कलही केली, बड्या लोकांचं नाकातलं बोलणं, “माफ करा मॅडम, हमरस्ता कोणत्या बाजूला आहे, सांगाल का?” ती नक्कल इतकी हुबेहूब होती की कुणी हसलं नाही.

कॉरोनर लेझरकडं वळले. “फिंकल, हेच वाक्य म्हणून दाखवा.”

लेझर उठला. घसा खाकरला. “माफ करा मेडम, हमरस्ता कुठली बाजू आहे, सांगतो का?”

त्याच्या शेजारच्या शिपायानंही खाली मान घालून मिशीत हसू दाबलं. “आणि तो कशाला विचारेल साहेब?” सासूबाई म्हणाल्या. “रोज टोप्यांचं गाठोडं घेऊन त्याच रस्त्यानं जातो.”

“हे तुम्ही बातमीदाराला सांगितलं होतं?”

“शब्दन्‌शब्द.”

सगळ्या माना टेबलाकडं वळल्या. लॅशब्रुक उठून उभा राहिला. “साहेब, जागा कमी पडली.”

“दाढीला जागा होती की,” टॅपस्कॉट म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या माणसाचा मुका घ्यावासा वाटला.

ज्युरीला वेगळ्या खोलीत जायचीही गरज पडली नाही. खुनी अज्ञात, फिंकलविरुद्ध काडीचाही पुरावा नाही, असं टॅपस्कॉटनं छाती फुगवून सांगितलं, जणू काही हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. शिपाई बाजूला झाले. लेझर तिथंच उभा राहिला, त्याला कळेना आता काय करायचं. ब्रायना बाकांवरून, माणसांवरून, लॅशब्रुकच्या कागदांवरून चालत गेली आणि तिनं त्याला दोन्ही हातांनी धरलं.

आम्ही रस्त्यावर उतरलो तेव्हा गर्दी टाळ्या वाजवत होती. त्यातल्या निम्म्या हातांनी आठवड्यापूर्वी दगड मारले होते आणि मी ते मोठ्यांदा बोलूनही दाखवलं. तरी टाळ्या थांबल्या नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला त्या आवडल्या. टॅपस्कॉटनं परातभर ईलची पाई पाठवली. ईल लेझरच्या धर्मात चालत नाही, म्हणून ती सासूबाईंनी खाल्ली, मोठ्या दु:खानं, शेवटच्या तुकड्यापर्यंत.

सेलिनाला मारणारा सापडला नाही. ते मला तेव्हाही बोचत होतं, आजही बोचतं. पण ट्रम्पेटला त्याचं काय? शुक्रवारी संध्याकाळी तिथला खुनी पुन्हा बदलला. आता तो बडा सभ्य गृहस्थ झाला होता, आणि शनिवारी सकाळी लॅशब्रुक आमच्या दाराशी हजर. त्याला सासूबाईंच्या तोंडून गृहस्थाची उंच टोपी हवी होती.

मी त्याला जिन्यावरून ढकलणारच होते. सासूबाईंनी मला थांबवलं. “येऊ दे त्याला. बस रे पायरीवर. मी सांगते ते लिही आणि लिहिशील ते मला वाचून दाखव.”

जिन्यावर वरपासून खालपर्यंत शेजारीपाजारी जमले. त्यानं लिहिलं, वाचलं, “उंच टोपी घातलेला तो रुबाबदार...”

“टोपी मी म्हटलं का? खोड.”

“खोड,” वरच्या पायरीवरून लेझर म्हणाला. त्याला टोप्यांतलं कळत होतं.

“रुबाबदारही खोड. उजाडायचं होतं, मला काय दिसणार? रस्ता विचारला, मॅडम म्हणाला. एवढंच लिही.”

“बाई, एवढ्यावर पेपर खपत नाही.”

“मग पाये विक,” सासूबाई म्हणाल्या. जिना खो खो हसला आणि ते पोरगंही बिचारं लाजलं. “आता पुढं लिही. लेझरचं नाव घालून त्याला बदनाम केलंस ना? तर नाव घालूनच लिही, तो कोण आहे ते. नाही तर हे सगळं दुसऱ्या पेपराला सांगते. बाहेर आणखी दोघं ताटकळलेत.”

बाहेर कुणीच नव्हतं. पण लॅशब्रुकनं मुकाट्यानं लिहिलं, वाचून दाखवलं, आणि कुणीही काही खोडलं नाही.

सोमवारी संध्याकाळी पेपर आला. पानाच्या तळाशी, मुंग्यांएवढ्या अक्षरांत, पण होतं. लेझरला इंग्रजी वाचता येत नव्हतं. “परमुलखातला लिहिलं?” त्यानं विचारलं.

“नाही,” मी म्हटलं, आणि जिन्यात उभी राहून मोठ्यांदा वाचलं, “टोप्या शिवणारे मिस्टर लेझर फिंकल हे निर्दोष असून ते इथले आहेत.”

“परत वाच,” लेझर म्हणाला. मी परत वाचलं. तो पायरीवर बसला आणि तोंड टोपीत घालून रडला. पोरं घाबरून त्याच्याकडं बघत राहिली. सासूबाईंनी त्याच्या पाठीवर चांगली जोरात थाप मारली.

ब्रायनानं माझ्या हातातला पेपर ओढून घेतला. तिला त्यातलं अक्षरही येत नव्हतं. “कुठं?” तिनं विचारलं. मी बोट ठेवून दाखवलं. त्या जागेवर अंगठा दाबून ती रस्त्यावर गेली. कोपऱ्यावर पेपरवाला रोजच्यासारखा नवा खुनी विकत होता, “सभ्य गृहस्थ! खुनी सभ्य गृहस्थ!” ब्रायना त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, पेपर डोक्यावर धरला आणि तिला येणारे तेवढे शब्द ओरडू लागली. “लेझर फिंकल इथले! लेझर फिंकल इथले!” पेपरवाल्याचा घसा वर्षानुवर्षं ओरडून तयार झालेला होता, तरी रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू आला तो तिचा आवाज.